तळ्याकडे तोंड

नियम कादोवाकींनी स्वतःच केला होता, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? तीस वर्षांपूर्वी जपानातल्या मात्सुएच्या तळ्याकाठच्या बागेत सकाळची रेडिओ कवायत सुरू झाली, तेव्हा मंडळाची वही त्यांनीच सुरू केली. पहिल्याच पानावर आपल्या ठसठशीत सुतारी अक्षरात त्यांनी लिहिलं, की वयाची ऐंशी पूर्ण झाली की कवायत घेणाऱ्या पुढाऱ्याने चौरंगावरून उतरावं. तेव्हा ते पन्नाशीचे होते. ऐंशी वर्षं फक्त दुसऱ्यांची होतात, असं पन्नाशीत प्रत्येकालाच वाटतं.

यंदाच्या एप्रिलात त्यांची ऐंशी झाली. चौरंगही त्यांनीच केलेला होता, चांगल्या सुगंधी देवदाराचा, खिळा न ठोकता जोडलेला. आयुष्यभर त्यांनी कागदी सरकत्या दारांच्या चौकटी केल्या, आणि कुठे दार अडकलं तर ते हातातलं काम टाकून उठत. त्या चौरंगावर तळ्याकडे तोंड करून ते रोज सकाळी साडेसहाला उभे राहत. रेडिओवर पियानो सुरू झाला की हात वर, टाचा वर, आणि समोर सत्तावीस माणसं त्यांच्याकडे बघत आपापली हाडं सैल करत. 'ओढ लागेल एवढं ताणा, दुखेल एवढं ताणू नका,' हे त्यांचं एकच वाक्य होतं आणि ते तीस वर्षं पुरलं. या जोरावर ऐंशीव्या वर्षीही ते गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकवत, आणि टेकवल्यावर कुणी बघितलं का हे हळूच बघून घेत.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चौरंग दातांच्या दवाखान्यात नोंदणीवर बसणाऱ्या मिदोरी इतोहाराच्या हवाली केला आणि स्वतः शेवटून दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहिले. मिदोरी बेचाळीसची होती, अंगाने लवचिक, स्वभावाने भित्री. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वाकून नमस्कार झाले, रेडिओ लागला. पहिले दोन प्रकार नीट पार पडले. मग अंग एका बाजूला झुकवायचा प्रकार आला आणि कादोवाकींचं डोकं उजवीकडच्या फुकुमाबाईंच्या डोक्यावर खाडकन आपटलं.

झालं होतं एवढंच, की पुढारी लोकांसमोर तोंड करून उभा राहतो. लोकांनी आधी डावीकडे झुकायचं, तर त्याला उजवीकडे झुकावं लागतं. म्हणजे समोरच्याला आरशात बघितल्यासारखं वाटतं आणि डोकं चालवावं लागत नाही. चांगल्या पुढाऱ्याची हीच खूण. कादोवाकी फार चांगले पुढारी होते. तीस वर्षं, पावसापाण्याचा एखादा दिवस सोडला तर रोज, त्यांनी सगळं उलटं केलं होतं. आता त्यांच्या अंगाला सुलटं येतच नव्हतं.

फुकुमाबाई ब्याऐंशीच्या. जन्मभर केस कापण्याचं दुकान चालवलेल्या, त्यामुळे जीभ कात्रीच्याच धारेची. वीस वर्षांपूर्वी त्यांचा खांदा धरला होता आणि किमोनोचा पट्टा पाठीमागे बांधता येत नव्हता, तेव्हा कादोवाकींनीच त्यांना भिंतीवर बोटं चालवत रोज जरा जरा वर जायला शिकवलं होतं. त्या उपकारापोटी त्या दिवशी त्यांनी जीभ आवरली. फक्त डोकं चोळत म्हणाल्या की जवळून तुम्ही बरेच उंच वाटता.

दुसऱ्या दिवशी कमरेत वळायच्या वेळी कादोवाकींचे हात भलतीकडे गेले आणि डाव्या बाजूच्या निवृत्त पोस्टमनचा चश्मा गवतात उडाला. तिसऱ्या दिवशी कादोवाकी येऊन उभे राहिले, तर त्यांच्या चारही बाजूंना दोन-दोन हात मोकळी जागा होती. सगळे हसतमुखाने समोर बघत होते, जणू गवतच तिथे तसं उगवलं होतं. कादोवाकींच्या मनाला ती जागा फार लागली. कुणी तोंडावर शिवी दिली असती तर परवडली असती.

त्यांनी घरी सराव सुरू केला. सहा चटया मावतील एवढ्या खोलीत कपाटाच्या मोठ्या आरशासमोर उभं राहून ते वाकत, वळत, झुकत, आणि दर वेळी त्यांना वाटे की आता जमलं. फुसाएबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. लग्नाला चोपन्न वर्षं झालेली, त्यामुळे नवऱ्याची चूक त्या लगेच सांगत नसत, आधी पुरती पिकू देत.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या, "आरशात बघून कसं कळणार? तुम्ही कुठेही झुका, तो तुमच्याबरोबरच झुकणार."

मग त्यांनी आरशावर चादर टाकली आणि स्वतः पुढे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. डाव्या मनगटाला लाल दोरा बांधून झाला. डावं, डावं, असं पुटपुटत करून झालं. सावकाश केलं की बरोबर येई. पण पियानो लागला रे लागला की अंग आपल्या वाटेने जाई. फुसाएबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या की जित्याची खोड म्हणतात ती हीच. त्यावर कादोवाकी चिडले आणि दिवसभर अंगणातल्या झाडाला नको तितकं पाणी घालत बसले.

चौथ्या दिवशी ते कवायतीला गेले नाहीत. पाचव्या दिवशीही नाही. गुडघा कुरकुरतोय, असं त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे तोपर्यंत गुडघा ठणठणीत होता. कुरकुरायला लागला तो आठ दिवस घरी बसल्यावर. सकाळी साडेसहाला फुसाएबाई एकट्या बागेत जात आणि हे घरात रेडिओ बारीक आवाजात लावून बसून राहत. उभं राहावंसं वाटत नसे. तळ्याची हवा नाही, कुणाच्या हाडांचा कटकट आवाज नाही, 'आज थंडी आहे हो' नाही. दहाव्या दिवशी बूट घालायला वाकताना बोटं नाडीपर्यंत पोचेनात. ते पायरीवर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण म्हातारे झालो असं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्यावाचून त्या बागेचं काही अडत नाही असं वाटलं.

पण बागेचं अडलं होतं. बातम्या फुसाएबाईंकडून रोज न्याहारीच्या वेळी येत, शिंपल्यांच्या सूपाबरोबर. मिदोरीला उलटं जमत नव्हतं. चौरंगावर चढली की ती घाबरे, आणि घाबरली की इतरांसारखीच डावीकडे झुके. मग सवयीने करणारे एकीकडे आणि तिच्याकडे बघून करणारे दुसरीकडे, अशी टकराटकर होई. दुसऱ्या दिवशी सवयवाल्यांनी विचार केला की बिचारीला वाईट वाटायला नको, आपण तिच्यामागे जाऊ. बघणाऱ्यांनी विचार केला की काल आपल्यामुळे त्यांना लागलं, आज आपण त्यांच्यासारखं करू. दोघांनीही मोठ्या मनाने बाजू बदलल्या आणि टकराटकर होती तिथेच राहिली. पुन्हा सगळ्यांनी एकमेकांची माफी मागितली.

"मग?" कादोवाकींनी विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण सगळी काळजीच होती असं म्हणता येणार नाही.

मग चहा पिता पिता बैठक झाली, फुसाएबाई म्हणाल्या, आणि सर्वानुमते ठरलं की यापुढे कुणी आपलं डोकं चालवायचं नाही. मिदोरी इतोहारासान करतील तेच आणि तेवढंच करायचं. त्या ज्या बाजूला झुकतील त्याच बाजूला आपण, त्या थांबल्या तर आपण थांबायचं. मिदोरी हे ऐकून आणखीच घाबरली आणि त्या संध्याकाळी मासळीच्या दुकानात भेटली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

कादोवाकींनी सूप संपवलं. शिंपले एकेक करून वाडग्याच्या कडेला नीट ओळीत लावले.

"गुडघा कसा आहे?" फुसाएबाईंनी विचारलं.

"आहे."

"सगळ्यात मागे, पाइनच्या झाडापलीकडे उभं राहायचं. तिथे कुणी नसतं. कुणाला लागणार नाही, कुणी बघणार नाही. पाठ करायची सगळ्यांकडे. मला तुमच्या बुटाच्या नाड्या बांधायला आवडत नाही."

पाठ करून उभं राहणं म्हणजे उद्धटपणा, असं कादोवाकी म्हणाले. फुसाएबाई म्हणाल्या की पंधरा दिवस घरी बसणं काय फार नम्रपणाचं होतं? कादोवाकींनी शिंपल्यांची ओळ पुन्हा सरळ केली, आणि ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम उशिरा गेले. रेडिओवरचं कवायतीआधीचं गाणं संपत आलं होतं. झाडाआडून जाऊन ते पाण्याच्या काठावर उभे राहिले, सगळ्या मंडळींकडे पाठ करून. समोर तळं होतं. शिंपले काढणाऱ्यांच्या नावा लांब दांड्यांची फावडी घेऊन निघाल्या होत्या. पलीकडचे डोंगर अजून नीट दिसत नव्हते. पियानो वाजला आणि कादोवाकींनी हात वर नेले. बरगड्या एकेक करून सुटल्या. पाठीत कुठेतरी कट् झालं आणि बरं वाटलं. झुकायची वेळ आली तेव्हा अंग उजवीकडे गेलं, आणि त्यांनी ते जाऊ दिलं. तीस वर्षं चौरंगावरून याच तळ्याकडे बघत ते वाकले होते. अंगाला तळं दिसलं आणि बाकी काही सांगावं लागलं नाही. ना आरसा, ना लाल दोरा. श्वास सोडताना त्यांना एवढं हलकं वाटलं की ते एकटेच हसले.

तेव्हापासून ते रोज जाऊ लागले. आठ दिवसांत गुडघ्याची कुरकुर गेली. पंधरा दिवसांत तळहात पुन्हा गवताला टेकले, बघायला कुणी नव्हतं तरी. नावेवरचा एक मच्छीमार लांबून हात करू लागला, हेही मान हलवत. मागून आता टकराटकरीचा आवाज येत नव्हता. कपड्यांची एकदम होणारी सळसळ तेवढी ऐकू येई, सव्वीस माणसं एका वेळी वळल्याची. मिदोरी चांगली तयार झाली, असं त्यांनी घरी म्हटलं. फुसाएबाई हो म्हणाल्या आणि लोणच्याची बरणी शोधायला गेल्या.

चांगलं झालं, असं कादोवाकींना मनापासून वाटलं. आणि थोडं बोचलंही. दार नीट बसलं की सुताराला कुणी आठवत नाही. त्यांच्या धंद्यात हीच कामाची पावती होती. ही पावती आपल्याला इतकी जड का जाते, हे त्यांना समजत नव्हतं. आपण इथे तळ्याशी कवायत करतो आणि ते तिथे आपली आपली करतात. तोडगा वाईट नव्हता. ऐंशीला आणखी काय हवं, असं स्वतःला बजावून ते रोज घरी परतत, आणि वाटेत पायाने एखादा खडा उडवत.

मे महिना संपता संपता एक दिवस सकाळी वारा सुटला होता. अंग झुकवायचा प्रकार चालू होता. कादोवाकी डावा हात वर करून उजवीकडे झुकले, आणि तेवढ्यात त्या ओळखीच्या मच्छीमाराची टोपी उडाली. ती पाण्यावर पडली आणि बुडायची सोडून तरंगत निघाली. मच्छीमाराने फावडं लांब केलं. टोपी वीतभर पुढे सरकली. त्याने आणखी लांब केलं, नाव कलली, आणि तो आता पडतो की मग, असं झालं. कादोवाकी हात वर ठेवून झुकलेले तसेच बघत राहिले. रेडिओवरचा माणूस 'आता दुसऱ्या बाजूला' म्हणाला, पियानो पुढे गेला, ते यांच्या कानांवरून गेलं. टोपी फावड्याच्या टोकाला लागत होती आणि सुटत होती.

कितीतरी वेळाने त्यांच्या लक्षात आलं की मागे सळसळ होत नाहीये. पियानो एकटाच वाजतोय.

"कादोवाकीसान," मागून फुकुमाबाईंचा आवाज आला, थोडा गुदमरलेला, "तळ्यात काय बघायचं ते नंतर बघा. माझी कंबर अडकलीय इकडे."

त्यांनी वळून बघितलं. सव्वीस माणसं एक हात वर करून एका बाजूला झुकलेली होती आणि तशीच उभी होती. पोस्टमनचे पाय थरथरत होते. सगळ्यांचे डोळे चौरंगावर होते, कारण डोकं चालवायचं नाही असं ठरलं होतं. आणि चौरंगावर डावा हात वर करून, उजवीकडे झुकून मिदोरी उभी होती, कानापर्यंत लाल झालेली. ती या कुणाकडेच बघत नव्हती. सगळ्यांच्या डोक्यांवरून ती सरळ कादोवाकींच्या पाठीकडे बघत होती, आणि आता पाठ वळली म्हटल्यावर त्यांच्या तोंडाकडे.

कादोवाकींना काही क्षण लागले. चौरंगावरची मिदोरी तळ्याकडे तोंड करून उभी राहते. आपणही तळ्याकडेच तोंड करून उभे राहतो. ती आपल्या पाठीमागे, आपण तिच्या पुढे, आणि दोघांचं उजवं एकच. आपलं उलटं तिला जसंच्या तसं चालतं. मागच्या महिनाभरात मिदोरीने एकदाही स्वतःहून हात हलवला नव्हता.

ते पुन्हा तळ्याकडे वळले, आणि पियानो जिथे होता तिथून त्यांनी उचललं. मागे सळसळ झाली, सगळ्यांची एकदम. एवढा सोपा प्रकार, पण त्या दिवशी दर वळणाला कादोवाकी कान मागे लावून ती सळसळ ऐकत होते. मच्छीमाराला टोपी मिळाली होती. ती ओली तशीच डोक्यावर घालून तो त्यांना हात करत होता.

कवायत संपल्यावर मिदोरी धावत आली आणि कमरेत वाकून उभी राहिली ती वर बघेना.

"चोरी केली मी," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही झाडामागे उभे राहिलात आणि मला दिसलं. तेव्हापासून तुमचंच बघून करते. सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर तुम्ही संकोचाने यायचं थांबाल असं वाटलं, आणि तुम्ही थांबलात तर माझं काय होईल?"

कादोवाकी खोकले. पुढारी तीच आहे, असं ते म्हणाले. वहीत नियम आहे, ऐंशीनंतर चौरंगावर उभं राहायचं नाही.

"मग तुम्ही कुठे चौरंगावर आहात?" फुकुमाबाई कंबर धरत येऊन पोचल्या होत्या. "तुम्ही गवतावर आहात. गवताबद्दल वहीत काही नाही, मी वाचलीय. आणि खरं सांगू का, तीस वर्षं तुमचं तोंड बघितलं आम्ही. पाठ बरी आहे."

पोस्टमन हसला, मग सगळेच हसले, आणि सगळ्यात उशिरा, पण सगळ्यात जास्त वेळ कादोवाकी हसले. मग त्यांनी मिदोरीला सांगितलं की झुकताना ती खांदा वर चढवते तो सोडायचा. ओढ लागेल एवढं, दुखेल एवढं नाही. तिने तिथल्या तिथे करून दाखवलं. आणि उजवीकडे म्हणून ती डावीकडे झुकली.

घरी येताना त्यांनी फुसाएबाईंना विचारलं, की तुला हे माहीत होतं का. फुसाएबाई म्हणाल्या की वाऱ्यात काही ऐकू येत नाही. घराच्या दारात त्यांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही झाडामागे गेलात त्याच्या चौथ्या दिवसापासून, आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी कादोवाकी सहा वाजताच तयार होते. तीस वर्षं चौरंगावर जायच्या आधी ते फुसाएबाईंसमोर उभे राहायचे आणि गुंड्या, कॉलर, सगळं नीट आहे का ते विचारायचे. एप्रिलपासून ते विचारणं बंद पडलं होतं. आज ते पायरीवर बसून वाकले, बुटाच्या नाड्या स्वतः बांधल्या, उठले, आणि फुसाएबाईंकडे पाठ करून उभे राहिले.

"मागून नीट दिसतंय ना?" त्यांनी विचारलं.

फुसाएबाईंनी शर्टाची एक सुरकुती हाताने ओढून सरळ केली आणि म्हणाल्या, दिसतंय, चला, उशीर होतोय.